परत आलेल्या प्रस्तावाबद्दल: नाशिकमधल्या व्यसनमुक्ती निधीवर सही करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या व्यसनमुक्तीच्या कामाचा निधी ज्यांच्या सहीने मंजूर होतो ते सर्व अधिकारी, समिती सदस्य आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय: गर्द (हेरॉइन) आणि अफूच्या जातीच्या इतर नशांवरील उपचारात रुग्ण टिकावेत म्हणून छोट्या बक्षिसांची योजना

महोदय, महोदया,

उपचार केंद्रात रुग्णाने रोज यावे यासाठी त्याला छोटी बक्षिसे द्यावीत, असा बारा आठवड्यांच्या प्रयोगाचा प्रस्ताव आम्ही आपल्याकडे दिला होता. तो परत आला. नशा करणाऱ्यांना बक्षीस दिले तर समाजात चुकीचा संदेश जाईल, एवढाच शेरा त्यावर आहे. खर्चाचा तक्ता, वस्तूंची यादी, नोंदवह्यांचे नमुने, यांतल्या एकाही पानावर प्रश्न नाही. ती पाने उलटली गेली नसावीत असे आम्ही धरून चालतो, आणि त्यांतला मजकूर आता सगळ्या नाशिककरांसमोर ठेवतो.

आम्ही म्हणजे समुपदेशक, परिचारिका, औषध देणारे आणि वस्त्यांमधून फिरणारे कार्यकर्ते. डोस आमच्या हातून दिला जातो आणि हजेरीपटावर गैरहजेरीची फुलीही आम्हीच मारतो. या प्रश्नाशी आमचा संबंध त्या फुलीपुरता आहे. ती आठ दिवस सलग पडली की पुढे काय होऊ शकते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी उपचार कसा चालतो ते थोडक्यात, कारण आपल्यापैकी काहींना व्यसनमुक्ती म्हणजे कोंडून ठेवणे आणि भाषण देणे एवढेच वाटते. गर्द, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या ही सगळी एकाच घराण्यातली. शेवटच्या नशेनंतर आठ-बारा तासांत गर्दवाल्याला टर्की लागते: जांभया, नाक-डोळे गळणे, पोटात पीळ, हाडे फुटल्यासारखी वेदना, जुलाब, झोपेचा पत्ता नाही. या अवस्थेत इच्छाशक्तीवर प्रवचन देणे म्हणजे पटकीच्या रुग्णाला धीर धरायला सांगणे. इथे ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे त्याच घराण्यातल्या पर्यायी औषधाची, गोळी जिभेखाली ठेवतात. टर्की नीट लागल्यावरच पहिली गोळी द्यायची. घाई केली तर ती मेंदूत गर्द जिथे चिकटलेले असते त्या जागांवरून त्याला हुसकावते आणि टर्की एकदम दुपटीने उसळते. सुरुवात 2 ते 4 मिलिग्रॅमने, मग बऱ्याच जणांचा डोस 8 ते 16 मिलिग्रॅमवर स्थिरावतो. एकदा डोस बसला की माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. अट एकच: त्याने रोज यायला हवे. आणि गाडी अडते ती इथेच.

उपचारातून सुटलेला माणूस जिथे होता तिथे परत जात नाही, त्याहून वाईट जागी जातो. त्याच्या शरीराची सवय उतरलेली असते, पण पूर्वीची मात्रा हाताला पाठ असते. तीच पुडी आता जिवावर बेतते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2017 साली आलेल्या एकत्रित विश्लेषणात ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे 4.3 मृत्यू होते आणि उपचार सुटल्यावर 9.5. मेथाडोन या दुसऱ्या पर्यायी औषधाच्या बाबतीत 11.3 आणि 36.1. आम्ही मारतो त्या फुलीमागचा हिशेब हा आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या 2019 च्या पाहणीनुसार देशात सुमारे 77 लाख लोकांना अफूजन्य नशेसाठी मदत हवी आहे, त्यामुळे ही चार-दोन घरांची गोष्ट नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली. पैसा माणसाला दारापर्यंत आणण्यावर खर्च होतो, दारात आलेल्याला टिकवण्यावर नाही. 26 जूनला रॅली निघते, शपथ होते, टोप्या आणि फलक छापले जातात. त्याला आमचा विरोध नाही, शाळकरी मुलांना त्यातून काही कळत असेल तर उत्तमच. पण रॅलीतून केंद्रात आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात का गेला, हे शोधायला खर्चाचे एकही शीर्ष नाही. अहवालात नवीन नोंदणीचा रकाना असतो, 90 दिवसांनी किती उरले याचा नसतो. ज्याचा रकाना नाही त्याची चिंता कोण करणार?

दुसरी तक्रार वेळेची. मजूर अड्ड्यावर सकाळी सात-साडेसातला माणसे उचलली जातात. डोसची खिडकी नऊला उघडत असेल तर रुग्णापुढे रोज सकाळी एकच निवड असते, डोस की दिवसाची मजुरी. मजुरी निवडणाऱ्याला आपण बेपर्वा म्हणतो. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडच्या बागांवर पेठ-सुरगाण्याकडची माणसे उतरतात, ती काढणी संपेपर्यंत. त्या चार-पाच महिन्यांत बागेवर राहणाऱ्याने रोज शहरात यायचे कसे, याचा विचार कुठल्याच आराखड्यात नाही.

तिसरी, आणि आम्हाला सगळ्यात जास्त खुपणारी: बक्षीस नको म्हणणारी यंत्रणा शिक्षा मात्र बिनदिक्कत वापरते. लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली की डोस कमी करणे, उशीर झाला म्हणून परत पाठवणे, वाद घातला म्हणून नाव कापणे. औषध हे बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही. मधुमेह्याने लाडू खाल्ला म्हणून त्याचे इन्सुलिन कुणी काढून घेत नाही.

ज्या पद्धतीला आपण चुकीचा संदेश म्हटले तिला इंग्रजीत कंटिन्जन्सी मॅनेजमेंट असे भारदस्त नाव आहे. मराठीत सांगायचे तर ठरलेली गोष्ट केली की ठरलेले बक्षीस, लगेच आणि न चुकता. अमेरिकेत व्हर्मॉन्ट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांसाठी ती बसवली. नशा नसलेल्या पहिल्या नमुन्याला अडीच डॉलरचे कूपन, पुढच्या प्रत्येक सलग नमुन्याला सव्वा डॉलर जास्त, आणि घसरला की पुन्हा अडीचपासून. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कूपन मिळणाऱ्यांपैकी 75 टक्के लोक चोविसाव्या आठवड्यापर्यंत टिकले, न मिळणाऱ्यांपैकी 40 टक्के. कूपनचा खर्च परवडत नाही अशी ओरड झाली तेव्हा कनेक्टिकटच्या नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्यांची बरणी आणली. त्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात दारूच्या आहारी गेलेले 42 माजी सैनिक होते. आठ आठवड्यांनी बरणीवाल्या गटातले 84 टक्के टिकून होते, दुसऱ्या गटातले 22 टक्के. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2007 मध्ये या पद्धतीची शिफारस केली, अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 2011 पासून ती राबवली.

हे सगळे परदेशी, असे म्हणाल. तर चेन्नईचे उदाहरण घ्या. तिथे एचआयव्ही असलेल्या 120 नशा करणाऱ्यांवर झालेली चाचणी 2014 साली प्रसिद्ध झाली. अन्नधान्य आणि घरगुती वस्तूंसाठी कूपन मिळालेल्या गटात 45 टक्के लोकांनी एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची, औषधे सुरू केली, दुसऱ्या गटात 27 टक्के. आता त्याच चाचणीतली आमच्या गैरसोयीची गोष्टही सांगतो: रक्तातला विषाणू आटोक्यात येण्याच्या बाबतीत दोन गटांत फरक दिसला नाही. कूपन माणसाला दारात आणते. आत आल्यावर त्याला मिळणारा डोस, वेळ आणि वागणूक ठीक नसेल तर कूपन काही करू शकत नाही. म्हणूनच आम्ही नुसते कूपन मागत नाही.

प्रस्तावात बरणीची रीत होती. ती अशी. बरणीत 500 चिठ्ठ्या. त्यांतल्या 250 वर फक्त ‘शाब्बास’. 209 चिठ्ठ्या 20 रुपयांच्या वस्तूच्या: साबण, बिस्किटांचा पुडा, दाढीचे सामान. 40 चिठ्ठ्या 200 रुपयांच्या: तेलाची पिशवी, छत्री, मोबाईलचा रिचार्ज, सिटीलिंक शहर बसच्या तिकिटांपुरते पैसे. एक चिठ्ठी 1,500 रुपयांची, प्रेशर कुकर किंवा तेवढ्या किमतीची घरात लागणारी वस्तू. काढलेली चिठ्ठी परत बरणीत जाते. बेरीज केली तर एका चिठ्ठीची सरासरी किंमत 27 रुपये 36 पैसे.

आठवड्याचे दोन टप्पे: सोमवार ते बुधवार आणि गुरुवार ते शनिवार. रविवारी डोस नेहमीसारखा, पण बक्षिसाच्या हिशेबात धरायचा नाही. तिन्ही दिवस आला तर टप्प्याच्या शेवटी चिठ्ठी. पहिल्या टप्प्याला एक, दुसऱ्याला दोन, असे आठपर्यंत, मग शेवटपर्यंत आठच. बारा आठवड्यांत 24 टप्पे होतात, एकही दिवस न चुकवणाऱ्याला 164 चिठ्ठ्या मिळतात, म्हणजे सरासरी 4,487 रुपये. पन्नास रुग्ण घेतले आणि पन्नासही एक दिवस न चुकता आले (तसे झाले तर आम्ही स्वतः पेढे वाटू) तरी खर्च सव्वादोन लाखांच्या आत राहतो.

दिवस चुकला तर पुढच्या टप्प्याला पुन्हा एका चिठ्ठीपासून. पण सलग दोन टप्पे पूर्ण केले की माणूस आधी होता त्या पायरीवर परत. ही परतीची वाट ठेवली नाही तर सातव्या आठवड्यात एकदा चुकलेला माणूस, आता सगळे गेलेच, म्हणून कायमचा जातो. कोर्टाची तारीख, घरातला मृत्यू, रुग्णालयात भरती यांसाठी पायरी गोठवायची, खाली आणायची नाही. निरोप त्याच दिवशी यायला हवा, कागद नंतर चालेल.

चिठ्ठी काढायची वेळ महत्त्वाची. जिभेखालची गोळी विरघळायला पाच ते दहा मिनिटे लागतात, आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत माणूस आमच्यासमोर बसलेलाच असतो, कारण गोळी बाहेर नेऊन विकली जाऊ नये हे आम्हाला बघावेच लागते. त्याच मिनिटांत बरणी पुढे करायची आणि वस्तू त्याच टेबलावर हातात द्यायची. वेगळा कर्मचारी नको, वेगळी रांग नको.

बक्षीस महिनाअखेरीला थेट बँक खात्यात जमा करा, म्हणजे पारदर्शकता राहील, ही सूचना आपल्या बाजूने तोंडी आली होती. सूचना चांगल्या हेतूची आहे आणि योजना मारायला पुरेशी आहे. गर्दची पुडी काही मिनिटांत मोबदला देते. तिच्याशी स्पर्धा करणारी गोष्ट तीस दिवसांनी, केवायसी अडली नाही तर, येणार असेल तर ती स्पर्धाच नाही. नशेत बुडालेल्या माणसाला लांबचा मोठा लाभ जवळच्या छोट्या लाभापुढे फारच लहान दिसतो. हा आजाराचाच भाग आहे आणि उपचार त्याच्या मापाने बेतावा लागतो.

असल्या योजना आणखी कशाने बिघडतात तेही आम्हाला ठाऊक आहे. कपाटातला माल संपतो आणि विजेत्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितले जाते; तिथे विश्वास संपला. कुकरची चिठ्ठी बरणीत नाहीच अशी कुजबुज होते, म्हणून दर सोमवारी चिठ्ठ्या रुग्णांसमोर मोजाव्या लागतात. एखादी दयाळू ताई बिचाऱ्याला एक चिठ्ठी जास्त देते, आणि नियम सगळ्यांना सारखा राहत नाही. मटक्याची सवय असलेल्याला बरणी देऊच नये, त्याला ठरावीक किमतीचे कूपन द्यावे. कुणीतरी साबण विकणार, हेही धरून चाला. विकेल. पण वीस रुपयांच्या साबणाने पुडी येत नाही. आणि अमेरिकेतल्या काही चाचण्यांत तर रोख रक्कम दिली होती, तरी त्यामुळे नशा वाढल्याचे आढळले नाही. हिशेबासाठी एक वही पुरे: तारीख, नोंदणी क्रमांक, चिठ्ठ्या, वस्तू, रुग्णाची सही, दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या. कपाटाची किल्ली वही लिहिणाऱ्याकडे नसावी.

बक्षीस हजेरीला का, स्वच्छ लघवीला का नाही, असे एका सदस्यांनी विचारल्याचे कळले. प्रश्न रास्त आहे. गर्दच्या रुग्णासाठी आधीच परिणामकारक औषध आहे. तो रोज आला तर ते काम करते, म्हणून बक्षीस येण्याला. शिवाय लघवी तपासायच्या पट्टीवर फार भिस्त ठेवता येत नाही. 300 नॅनोग्रॅमच्या मर्यादेची पट्टी दिवाळीत खसखस लावलेल्या अनारशांनीही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि ट्रामाडॉल तिच्यात दिसतच नाही, त्याला वेगळी पट्टी लागते. नमुना ताजा आहे का, हे चार मिनिटांत त्याचे तापमान 32 ते 38 अंश आहे का यावरून बघावे लागते. तपासणी करावीच, पण डोस ठरवण्यासाठी आणि धोका ओळखण्यासाठी. विशेषतः मालेगावकडे कुत्ता गोली म्हणतात त्या अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळीसाठी. ब्युप्रेनॉर्फिनवर ती गोळी चढवली तर श्वास मंदावून माणूस झोपेत जाऊ शकतो.

एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक नशेची, गोष्ट मात्र वेगळी. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडीच्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला तेव्हा हे नाव घराघरात पोचले. एमडी अफूच्या घराण्यातले नाही, त्याला ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध नाही. उत्तेजक नशांवर आजवर सर्वांत चांगला पुरावा याच बक्षीस पद्धतीचा आहे, आणि तिथे ते स्वच्छ नमुन्यालाच द्यावे लागते. त्यासाठी वेगळा प्रस्ताव देऊ. हा परत आला म्हणून तो द्यायचा थांबणार नाही.

राहिला चुकीच्या संदेशाचा मुद्दा. संस्थेत बाळंत होणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला जननी सुरक्षा योजनेतून 700 रुपये मिळतात. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून 2018 पासून महिना 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये मिळतात, म्हणजे सहा महिन्यांच्या उपचाराला 6,000. यातून क्षय होऊ द्यावा असा संदेश गेल्याचे ऐकिवात नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचे कलम 64अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. तेही प्रोत्साहनच आहे, आणि ते संसदेने दिले आहे. मग 27 रुपयांच्या चिठ्ठीनेच समाज बिघडतो का?

पैसे न लागणारे, आणि बरणीपेक्षाही जोरकस बक्षीस एकच आहे: डोस घरी नेण्याची मुभा. बाल्टिमोरमध्ये मॅक्सीन स्टिट्झर यांनी मेथाडोनच्या रुग्णांवर हे फार पूर्वीच दाखवून दिले. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत नाकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने) अनेक दिवसांचे डोस घरी द्यायला परवानगी दिली होतीच. चार आठवडे पूर्ण हजेरी आणि अल्प्राझोलामची पट्टी निगेटिव्ह, तर रविवारचा डोस घरी. आठ आठवड्यांनी दोन दिवसांचा, बारा आठवड्यांनी तीन दिवसांचा. गोळी नॅलोक्सोन (अफूच्या नशेवरचा उतारा) मिसळलेली, 2 मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे विरघळवून टोचून घेण्याचा मोह कमी. सोबत कुलपाची डबी सक्तीची, कारण लहान मुलाने एक गोळी गिळली तरी जीव जाऊ शकतो. बागेवरच्या मजुराला हीच मुभा टिकवेल, आणि बारा आठवड्यांनी बरणी बंद होईल तेव्हा जागा हीच भरून काढेल. बक्षीस थांबले की त्याचा परिणाम ओसरतो, हे आम्ही लपवत नाही.

2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडचे रस्ते बंद असतील, पार्किंगपासून किलोमीटरभर चालणे असेल. त्या दिवसांचे डोस कुणी, कुठे आणि कसे द्यायचे याचा कागद आजपासून लिहायला हवा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

बारा आठवड्यांचा प्रयोग एका केंद्रात, पन्नास रुग्णांवर मंजूर करावा आणि खरेदीला स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावे, म्हणजे लेखापरीक्षक साबणावर आक्षेप घेणार नाहीत. बक्षीस वस्तूत आणि जागच्या जागी, खात्यात नको.

डोसची खिडकी सकाळी साडेसहाला उघडावी. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आम्ही जुळवून देऊ.

डोस घरी नेण्याची वर लिहिलेली पायरी-पद्धत लेखी मंजूर करावी, आणि पर्वणीच्या दिवसांसाठी वेगळी.

तपासणीच्या निकालावरून, उशिरावरून किंवा वादावरून कुणाचेही औषध तोडू नये, असा लेखी आदेश काढावा.

एसटी क्षयरोग, कर्करोग, सिकलसेलच्या रुग्णांना प्रवासात सवलत देते. या उपचाराच्या रुग्णांनाही ती मिळावी अशी शिफारस शासनाकडे पाठवावी. पासवर आजाराचे नाव नको.

प्रत्येक केंद्रात नॅलोक्सोनचे 0.4 मिलिग्रॅमचे अँप्युल चालू तारखेचे असावेत, आणि ते टोचायला शिकलेला माणूस प्रत्येक पाळीत असावा.

दर तिमाहीला एकच आकडा जाहीर करावा: नव्वद दिवसांपूर्वी सुरू झालेल्यांपैकी आज किती जण येत आहेत. नावे नकोत.

आपल्याला हे अमान्य असेल तर तसे कारणांसह लेखी कळवावे, म्हणजे आम्हाला मुद्द्याला मुद्दा देता येईल. चर्चेला बोलावले तर डोसची वेळ सोडून कधीही येऊ. येताना बरणी आणि 500 चिठ्ठ्या सोबत आणू. आपण स्वतः मोजून पाहाव्यात.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील व्यसनमुक्ती केंद्रांत काम करणारे समुपदेशक, परिचारिका, औषधनिर्माते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते